गादीवाफ्याखालचे पाणी

फेब्रुवारीच्या सुमारास जिल्हा परिषदेच्या एखाद्या शाळेत डोकावले, तर कुंपणाकडेच्या परसबागेत मेथी, पालक, वांगी आणि कोथिंबीर मोठ्या दिमाखात उभी असलेली दिसतात. पाहुणे येतात, छायाचित्रे निघतात, स्पर्धेचे गुण मांडले जातात. जूनच्या मध्यास तीच शाळा पुन्हा उघडते, तेव्हा त्या जागी भेगाळलेली माती, वाळलेले दांडे आणि शेळ्यांनी मोडलेले कुंपण एवढेच उरलेले असते. मुले पुन्हा पहिल्यापासून बी पेरतात. दरवर्षी नव्याने जन्मणाऱ्या आणि दरवर्षी मे महिन्यात मरणाऱ्या या बागेचा दोष सर्वजण पाण्याच्या टंचाईवर टाकतात. तो निदान अर्धाच खरा आहे.

शालेय पोषण बागांविषयीच्या मार्गदर्शक सूचना तत्कालीन केंद्रीय मनुष्यबळ विकास मंत्रालयाने ऑक्टोबर २०१९ मध्ये प्रसृत केल्या. मुलांनी भाजी पिकवावी, ती दुपारच्या जेवणात पडावी आणि त्या निमित्ताने ताटाचा व मातीचा संबंध त्यांना उमगावा, हा त्यामागील हेतू. पुढे २०२१ मध्ये माध्यान्ह भोजन योजनेचे नाव बदलून ‘प्रधानमंत्री पोषण शक्ती निर्माण’ असे झाले. पण हेतू बदलला नाही, आणि त्याविषयी दुमत असण्याचेही कारण नाही. प्रश्न आहे तो अगदी साधा आणि म्हणूनच दुर्लक्षिलेला. भर उन्हाळ्यात, शाळा बंद असताना, या बागेला पाणी कोणी घालायचे, आणि किती वेळा?

हिशेब मांडून पाहावा. दख्खनच्या पठारावर एप्रिल-मे महिन्यांत ओल्या मातीतून आणि पानांतून मिळून दिवसाला आठ-दहा मिलिमीटर पाणी सहज उडून जाते. एक चौरस मीटर जमिनीवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. तेव्हा दोन मीटर लांब व एक मीटर रुंद अशा वाफ्याला दिवसाकाठी १६ ते २० लिटर पाणी लागते. म्हणजे एखादा हंडा आणि वर थोडे. ही मात्रा काही डोळे विस्फारावी अशी नाही. परंतु झारीने किंवा बादलीने वरून घातलेल्या पाण्यापैकी काही मुळापर्यंत पोहोचण्यापूर्वीच पृष्ठभागावरून उडते, काही मुळांच्या खाली झिरपून जाते, आणि उरलेले दुसऱ्या दिवशीच्या उन्हापुरतेही पुरत नाही. परिणामी हे काम रोज करावे लागते. तीन-चार दिवसांचा खंड पडला की कोवळी रोपे माना टाकतात. पाण्याच्या मात्रेपेक्षा त्याची ही रोजची अटच बागेला मारते.

ही अट मोडण्याचा एक उपाय उपलब्ध आहे, आणि त्यात यंत्र नाही, वीज नाही, तोटीही नाही. उंच गादीवाफ्याच्या तळाशीच पाण्याचा साठा करावयाचा. विटांच्या चौकटीत जाड प्लॅस्टिकचे अस्तर पसरावे. त्यावर वीतभर खडी किंवा विटांचे तुकडे घालावेत. खडीत माती उतरू नये म्हणून वर विणलेल्या गोणीचा थर द्यावा आणि त्यावर सुमारे ३० सेंटिमीटर शेणखतमिश्रित माती भरावी. एका कोपऱ्यात उभी नळी ठेवून तिच्यातून तळाशी पाणी सोडावे. खडीचा थर जेथे संपतो तेथे चौकटीला एक भोक ठेवावे. तो या चिमुकल्या धरणाचा सांडवा. एक गोष्ट मात्र विसरता कामा नये. जाड खडीतून पाणी आपण होऊन वर चढत नाही. म्हणून दोन-चार ठिकाणी गोणी कापून माती-वाळूचे खांब थेट तळापर्यंत उतरवावे लागतात. दिव्याच्या वातीतून तेल चढावे तसे या खांबांतून पाणी केशाकर्षणाने वर चढते आणि वरची माती जेवढी सुकेल तेवढेच ओढून घेतले जाते.

ही कल्पना अलीकडची वाटली, तरी तिचे मूळ फार जुने आहे. इसवी सनपूर्व पहिल्या शतकातील फान शंगचर या चिनी कृषिलेखकाने कलिंगडवर्गीय वेलांच्या खड्ड्यात मातीचे मडके पुरून, त्याचे तोंड जमिनीलगत ठेवून, ते पाण्याने भरून झाकावे असे सांगितले आहे. न झिलईलेल्या मडक्याच्या अंगाला सूक्ष्म छिद्रे असतात. सभोवतालची माती कोरडी पडली की ती छिद्रांतून पाणी शोषून घेते, ओली असली की पाझर मंदावतो. आपल्याकडे फळझाडांच्या रोपांजवळ मडके पुरण्याची पद्धत अनेक शेतकऱ्यांना ठाऊक आहे. तळाशी साठा असलेला गादीवाफा मात्र घरगुती बागांत रुजला तो प्रामुख्याने ऑस्ट्रेलियात. १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धापासून २००९च्या सुमारापर्यंत तेथे दीर्घकाळ अवर्षण पडले आणि शहरांत बागेला पाणी घालण्यावर निर्बंध आले. त्या काळात कॉलिन ऑस्टिन यांनी पुरस्कारिलेल्या या वाफ्यांकडे लोकांचे लक्ष गेले. टंचाईतून जन्मलेली युक्ती टंचाईच्या दुसऱ्या प्रदेशाला परकी वाटण्याचे कारण नाही.

तिचा लाभ नेमका किती, हे अतिशयोक्ती टाळून सांगितले पाहिजे. दोन चौरस मीटरच्या वाफ्याखाली २० सेंटिमीटर उंचीचा खडीचा थर घेतला, तर त्याचे घनफळ ४०० लिटर भरते. खडीतील पोकळी सुमारे ४० टक्के धरली, तर त्यात १६० लिटर पाणी मावते. भर उन्हाळ्यात ते आठ-दहा दिवस पुरेल. मातीवर पालापाचोळ्याचे आच्छादन असेल, तर आणखी थोडे. रोपाला स्वतःला लागणारे पाणी कोणतीही युक्ती कमी करू शकत नाही. वाचते ते पृष्ठभागावरून उडणारे आणि खाली वाया जाणारे. परंतु खरा फरक बचतीहून मोठा आहे. सहा आठवड्यांच्या सुट्टीत रोज पाणी घालावयाचे म्हणजे ४२ खेपा; या वाफ्याला तेच काम पाच वेळा भरण्याने भागते. ज्या गावांत नळाला चार-आठ दिवसांआड पाणी येते, तेथे तर हा हिशेब विशेष महत्त्वाचा ठरतो. पाणी ज्या दिवशी येईल त्या दिवशी ते मातीखाली साठवावे आणि पुढची पाळी येईपर्यंत रोपांनी आपल्या गरजेनुसार प्यावे. अनियमित पुरवठा आणि नियमित तहान यांची सांगड याहून स्वस्तात घालता येणे कठीण.

अर्थात या वाफ्याचे काही दोषही आहेत आणि ते झाकून प्रचार केल्यास पहिल्याच वर्षी लोकांचा विश्वास उडेल. बी रुजेपर्यंत पाणी वरूनच द्यावे लागते, कारण ओल वरच्या थरात पुरेशी पोहोचत नाही. मातीचा थर फार जाड केला, तर खालचे पाणी माथ्यापर्यंत चढत नाही. पाणी सतत वर चढत असल्याने त्यातील क्षार पृष्ठभागावर साचतात, आणि कूपनलिकेचे पाणी जड असेल तर पांढरी पूट दिसू लागते. पावसाळ्यात सांडवा उघडा राहिला तर हे क्षार धुऊन निघतात, आणि तो बुजला तर मुळे कुजतात. भरण्याच्या नळीवर झाकण व सांडव्यावर जाळी नसेल, तर बागेबरोबर डासांचीही पैदास होईल. शहरातील उत्साही मंडळींनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. ३० सेंटिमीटर ओली माती आणि तिच्याखालील पाण्याने भरलेली खडी यांचा भार प्रत्येक चौरस मीटरला ९०० किलोग्रॅमच्या घरात जातो. वावराच्या गच्चीचा आराखडा सामान्यतः चौरस मीटरला १५० किलोग्रॅमच्या आसपासचा चलभार धरून केलेला असतो. तेव्हा हा वाफा जमिनीवरचा आहे; जुन्या इमारतीच्या गच्चीवर तो बांधणे म्हणजे भाजीसाठी छत पणाला लावणे होय.

हे सारे दोष सावरता येण्याजोगे आहेत. मग इतकी साधी वस्तू गावोगाव का दिसत नाही? याचे उत्तर कृषिशास्त्रात सापडत नाही. ते अर्थशास्त्रात शोधावे लागते. ठिबक सिंचनाचा महाराष्ट्रात झालेला प्रसार अभिमानास्पद आहे. त्यामागे शेतकऱ्यांची धडाडी होती, तसेच अनुदानही होते. २०१५ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री कृषी सिंचन योजनेत सूक्ष्म सिंचनासाठी लहान व सीमांत शेतकऱ्यांना ५५ टक्के आणि इतरांना ४५ टक्के साहाय्याचे प्रमाण ठरविण्यात आले. ते योग्यच होते. परंतु अनुदानाला पावती लागते, पावतीला विक्रेता लागतो आणि विक्रेत्याला नोंदणीकृत उत्पादन लागते. गावच्या कुंभाराने भाजलेले मडके किंवा पडक्या भिंतीच्या विटांतून उभा राहिलेला वाफा या साखळीत कोठेच बसत नाही. ज्या वस्तूचा कोणी उत्पादक नाही तिची जाहिरात होत नाही, तिच्यासाठी कोणी मंत्रालयात खेटे घालीत नाही आणि तिचा आकडा कोणत्याही अहवालात येत नाही. स्वस्त असणे हा तिचा गुणच तिच्या प्रसाराला आडवा येतो. बाजार अशा वस्तूंकडे पाठ फिरवितो तेव्हा शासनाने पुढे यावे, हे अर्थशास्त्राचे जुनेच सूत्र आहे. शेततळ्याच्या प्लॅस्टिक अस्तरासाठी पैसा देणे ज्या शासनाला जमते, त्याला शाळेच्या दोन वाफ्यांचे अस्तर परवडत नाही असे कोण म्हणेल?

तथापि वस्तू दिली म्हणजे काम झाले, ही समजूतही सोडली पाहिजे. पाच वेळा का होईना, पाणी भरणारे हात लागतातच. शाळेत हे काम बहुधा स्वयंपाकी-मदतनीस बाईंच्या वाट्याला येते. त्यांचे मानधन वर्षातून दहाच महिन्यांचे असते. केंद्राने डिसेंबर २००९ पासून ठरविलेली रक्कम महिन्याला अवघी १००० रुपये, त्यात राज्ये आपापली भर घालतात. उन्हाळ्याच्या सुट्टीत त्यांना काहीच मिळत नाही. बाग वाळते ती नेमकी याच काळात. बिनमोलाच्या श्रमावर उभी असलेली योजना त्या श्रमाने अंग काढून घेताच कोसळते, याचा याहून बोलका दाखला सापडणार नाही. आपल्याकडे घरातील व गावातील स्त्रीने वाहिलेल्या पाण्याची किंमत शून्य धरूनच बहुतेक योजनांचा ताळेबंद मांडला जातो. किंमत शून्य धरली की ती मेहनत वाचविणाऱ्या साधनाचे मोलही शून्यच ठरते, आणि मग असे साधन कोणी घेत नाही. ज्या दिवशी पाणी भरण्याच्या प्रत्येक दिवसाची मजुरी हिशेबात धरली जाईल, त्या दिवशी ४२ खेपांऐवजी पाच खेपांत भागविणारा वाफा सरकारी कारकुनालाही स्वस्त वाटू लागेल.

जेथे प्यायलाच पाणी नाही तेथे भाजीचे कौतुक कशाला, असा आक्षेप घेतला जाईल. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले होते. तशा वर्षी बाग सोडून द्यावी आणि त्याची खंत बाळगू नये. परंतु प्रत्येक उन्हाळा तसा नसतो. साधारण वर्षी एका शाळेच्या दोन वाफ्यांना दिवसाला लागणारे ३५-४० लिटर पाणी हे गावाच्या वापरात नगण्य आहे. या दोन वाफ्यांतून सबंध शाळेची भाजी भागेल, असाही दावा कोणी करू नये. चवळई, माठ, अंबाडी यांच्या दोन-चार जुड्या खिचडीत किंवा आमटीत पडतील, एवढेच. पण जूनमध्ये परतलेल्या मुलाला आपण लावलेली भेंडी जिवंत सापडणे आणि वाळलेली सापडणे, यांतून त्याला मिळणारे दोन धडे अगदी भिन्न आहेत. दुसरा धडा आपण त्याला दरवर्षी देत आलो आहोत: सरकारी काम हे पाहुणे येईपर्यंतच टिकवायचे असते.

करावयाच्या गोष्टी थोड्या आहेत. राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली येथील कृषी विद्यापीठांनी आपापल्या हवामानात असे वाफे व मडकी लावून मोजमाप घ्यावे आणि कोणत्या मातीत, कोणत्या भाजीला, किती दिवसांनी पाणी भरावे याचे एकपानी कोष्टक शाळांकडे पाठवावे. परसबागेच्या निधीतून मडकी स्थानिक कुंभाराकडून, साध्या ग्रामपंचायतीच्या दाखल्यावर घेण्याची मुभा द्यावी. सुट्टीतील पाच भरण्यांची मजुरी मदतनीस बाईंना रोख द्यावी आणि ती दया म्हणून न देता योजनेचा खर्च म्हणून लिहावी. स्पर्धेचे परीक्षण फेब्रुवारीत न ठेवता शाळा उघडल्यावर जूनच्या तिसऱ्या आठवड्यात ठेवावे. हा शेवटचा बदल करण्यास तर एक पैसाही लागत नाही. त्या एका तारखेने बाग हिरवी कधी दिसावी याचा विचार मागे पडेल आणि ती जिवंत कशी राहावी याचा विचार मे महिना उजाडण्यापूर्वीच सुरू होईल.