बाळाची कातडी आणि आजीचं उटणं

दर दिवाळीला या पानावर मी तुम्हाला घरातलं थोडं रसायनशास्त्र सांगते. यंदाचा धडा मी स्वतः चुकून शिकले आहे, म्हणून आधी कबुली.

गेल्या नरक चतुर्दशीला माझा नातू चौदा महिन्यांचा होता. कोपरांच्या वळीत आणि गुडघ्यांमागे खरखरीत चट्टे होते. मी मसुराचं पीठ, चंदन, कचोरा, आंबेहळद एकत्र करून दुधात कालवली. सून म्हणाली, "आई, आधी थोडंसं हातावर लावून बघू या का?" मी म्हटलं, "अगं, सगळं नैसर्गिक आहे. आम्ही यावरच वाढलो." 'नैसर्गिक म्हणजे निरुपद्रवी नव्हे' हे विद्यार्थ्यांना जन्मभर शिकवलेली बाई मी! दुपारपर्यंत पोराच्या अंगाची आग आग झाली. फराळाची ताटं तशीच राहिली. रात्रभर त्याचे हात धरून सून बसली होती. मला ती एक शब्दही बोलली नाही. तेच जास्त लागलं.

नेमकं झालं काय? कातडीचा वरचा थर म्हणजे एक भिंत समजा. पेशी या विटा आणि त्यांच्यामधली स्निग्ध द्रव्यं हा चुना. एक्झिमा असलेल्या मुलांची ही भिंत कच्ची असते, पुष्कळदा जन्मतःच. फिलॅग्रिन या प्रथिनाच्या जनुकातला दोष त्यामागे असू शकतो, हे डंडीच्या संशोधकांनी २००६ साली दाखवलं. अशा भिंतीतून ओलावा बाहेर जातो आणि साबण, सुगंध आत शिरतात. खाज सुटते, मूल ओरबाडतं, भिंत आणखी ढासळते.

याच भेगांतून दूध आणि पीठही शिरतं. लंडनमधले डॉक्टर गिडियन लॅक यांना २००३ साली असं आढळलं, की ज्या बाळांच्या सुजलेल्या त्वचेला शेंगदाणा तेल असलेली मलमं लावली होती, त्यांच्यात शेंगदाण्याची ॲलर्जी जास्त होती. उलट, २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात, तान्हेपणापासून शेंगदाणा खाऊ घातलेल्या मुलांत ती खूपच कमी निघाली. पोटातून आलेलं अन्न शरीराला ओळखीचं होतं, फाटक्या कातडीतून आलेलं परकं वाटतं. म्हणून बेसन, साय, बदाम तेल चट्ट्यांवर नको. मात्र एक्झिमा जोरात असेल तर शेंगदाणा सुरू करण्याआधी डॉक्टरांना विचारा, आणि मनानेच मुलाचं दूध-अंडं बंद करू नका.

आता पैशांची गोष्ट. सून तेव्हा बिनपगारी रजेवर, घराचा हप्ता डोक्यावर, आणि मुलाच्या खाजेपुढे आईबाप काहीही विकत घेतात. रेशमी झबली झाली, आंघोळीच्या पाण्यात घालायचं तेल झालं. आपल्या लंडनच्या पाण्याने किटलीत पांढरा थर बसतो, म्हणून पाणी मऊ करणाऱ्या यंत्राचीही चौकशी झाली. तेव्हा मी प्रायश्चित्त म्हणून शोधनिबंध काढून बसले. या तिन्हींच्या चाचण्या याच देशात, मुलांवरच झालेल्या आहेत. यंत्राची २०११ मध्ये ३३६ मुलांवर, रेशमी कपड्यांची २०१७ मध्ये ३०० मुलांवर, आंघोळीच्या तेलाची २०१८ मध्ये ४८० हून अधिक मुलांवर. नेहमीच्या उपचारांवर यांची भर घालून कशाचाही म्हणण्यासारखा फायदा दिसला नाही. ब्रिस्टलच्या २०२२ च्या चाचणीत लोशन, क्रीम, जेल, मलम असे चार प्रकार ५५० मुलांवर ताडून पाहिले. चारही सारखेच निघाले. म्हणजे जे मूल लावू देईल, ते उत्तम.

आमच्या घरी आता असं चालतं:

कोमट पाण्याची थोडक्यात आंघोळ. साबणाऐवजी मऊ क्रीम. टॉवेलने घासायचं नाही, टिपायचं, आणि लगेच मॉइश्चरायझर. केस वाढतात त्या दिशेने, न चोळता. हात राखून लावू नका. मुलांसाठी आठवड्याला २५० ते ५०० ग्रॅम लागतं, असं इथली अधिकृत मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. डबीत बोटं न घालता स्वच्छ चमच्याने काढा. एक्झिमाचं निदान झालं असेल तर जीपींना लिहून द्यायला सांगा; सोळा वर्षांखालच्यांना ते फुकट मिळतं. विकत घ्यायचं तर सुपरमार्केटची बिनवासाची साधी पेट्रोलियम जेली पुरते. रॉबर्ट चेसब्रो यांनी १८७२ मध्ये पेटंट घेतलेला हा पदार्थ चट्ट्यांवर पाणी अडवून धरतो आणि त्यात सुगंधही नसतो. आतून सुती कपडे, आणि माझ्या जुन्या सुती साडीचं दुपटं. त्याला खर्च शून्य.

स्टेरॉइडच्या नावाने घाबरू नका आणि सैलही सोडू नका. डॉक्टरांनी दिलेलं मलम, सांगितलेले दिवस, सांगितलेल्या जागी. मोठ्या माणसाच्या बोटाच्या पहिल्या पेरावर मावेल एवढं मलम दोन तळहातांएवढ्या जागेला पुरतं. पण पुण्याहून येणाऱ्या काकांनी आणलेली 'गुणकारी' ट्यूब बाळाला लावू नका. त्यांत कित्येकदा फार कडक स्टेरॉइड असतं.

आपल्या सावळ्या रंगावर एक्झिमा लाल दिसतोच असं नाही. करडा, जांभळट, तपकिरी दिसतो. डॉक्टरांना ते आवर्जून दाखवा. चट्ट्यातून पाणी येऊ लागलं, पिवळी खपली धरली, किंवा ताप आणि दुखरे फोड आले, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

आणि दिवाळीपुरतं, कृपया विसरू नका: मलम मुरलेले कपडे आणि पांघरुणं पटकन पेट घेतात, धुऊनही ते पूर्ण जात नाही. पणत्या आणि फुलबाज्यांपासून अशा मुलाला लांब ठेवा.

यंदाही पहाटे अंधारात उठणार आहोत. उटणंही मी करणार आहे, पण ते लागणार माझ्या पाठीला, आणि लावणार नातू. त्याच्यासाठी पाटाशेजारी पांढरी डबी असेल. सुनेला मी कालच विचारलं, "आधी कुठे लावून बघू या?" ती हसली. वर्षभरानंतर का होईना.