कादंबरीतला पोरका आणि फळीखालचा पोरका

घरादारास मुकलेल्या पोराची कादंबरी आमच्या सुशिक्षित वाचकवर्गास फार प्रिय आहे. पोर रस्त्यावर येते, चार माणसे त्यास आपले म्हणतात, पुढे जीव लावणारे माणूस भेटते, आणि शेवटचे पान उलटताना वाचकाचे डोळे भरून येतात. यात वाईट काही नाही. परंतु तोच वाचक सकाळी दादरास दुकान उघडावयास जातो आणि फळीखाली निजलेल्या पोरास पायाने ढोसून उठवितो, तेव्हा त्या अश्रूंची किंमत काय, हे विचारल्यावाचून आम्हांस राहवत नाही.

अशी कथा शोधण्यास कादंबरीच उघडावी असेही नाही. परळ-लालबागच्या गिरणगावात ती खरोखर घडली आहे. १९२६ च्या सुमारास गंगाराम सुर्वे या गिरणी कामगारास एक टाकलेले तान्हे मूल सापडले. त्याने व काशीबाईने ते घरी आणले, त्यास आपले नाव दिले, चार इयत्ता शिकविले. पुढे गंगाराम गिरणीतून निवृत्त होऊन कोकणात गेला आणि कोवळ्या वयाचा नारायण मुंबईतच मागे राहिला. तो घर सोडून पळालेला नव्हता, घरच त्यास सोडून गेले होते. पण फुटपाथ असा भेद करीत नाही. घरगडी, हॉटेलातला पोऱ्या, गिरणीतला कामगार अशी कामे करीत तो वाढला. कामगार चळवळीत त्यास गोत मिळाले, कृष्णाबाईंच्या रूपाने संसार मिळाला. पालिकेच्या शाळेत शिपाई असलेला हा माणूस पुढे शिक्षक झाला. १९६२ साली 'ऐसा गा मी ब्रह्म' हा त्याचा काव्यसंग्रह निघाला, आणि १९९५ साली परभणीच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद महाराष्ट्राने त्यास दिले.

यावर व्यवहारी गृहस्थ म्हणतील, "लाखात एखादाच सुर्वे निपजतो; बाकीच्यांचे काय?" आमचे उत्तर साधे आहे. गंगारामाने कवी उचलला नव्हता, रडणारे मूल उचलले होते. पुढे त्याचे काय होईल याचा हिशेब त्याने मांडला असता, तर ते मूल तेथेच राहिले असते.

आणखी एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. त्या काळच्या गिरणगावात निराधार पोरास पाय रोवावयास जागा होती. गाववाल्यांच्या सामाईक खोल्या होत्या, खानावळी होत्या, युनियन होती. १९८२ च्या संपानंतर एकेक गिरणी बंद पडली आणि त्या जमिनींवर मनोरे चढले. मनोऱ्याच्या दाराशी पहारेकरी असतो. त्याच्या ओट्यावर कोणास निजता येत नाही. गरिबाच्या चाळीने जे आपण होऊन केले, ते आता कायद्याने व जाणूनबुजून करावे लागेल.

कायदा तयार आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने वयाच्या दाखल्यावाचून मुलास शाळेचा प्रवेश नाकारता येत नाही. २०१६ च्या दुरुस्तीने चौदा वर्षांखालील मुलास दुकानी वा हॉटेलात कामास ठेवणे हा गुन्हा आहे. म्हणून "आम्ही त्यास कपबश्या धुवावयास ठेवून पोटास लावले" हे औदार्य आता औदार्य राहिलेले नाही. संकटातील मुलांसाठी १०९८ हा दूरध्वनी आहे. ती सेवा १९९६ साली याच मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेच्या उपक्रमातून सुरू झाली.

तेव्हा आमच्या व्यापारी बंधूंकडे आमचे मागणे मोठे नाही. फळीखालच्या पोरास हुसकावण्यापूर्वी त्याचे नाव विचारा, त्यास चहा-पाव द्या आणि तो दूरध्वनी करा. तेथून आलेल्या माणसाने पोरास कोठे नेले, याची आठवड्याने चौकशीही करा. संस्थेच्या दारात सोडलेले मूल विसरले गेले, तर ते दुसऱ्यांदा पोरके होते.