सुईला वाट दाखविणारा पडदा

घरातील वडीलधाऱ्यांचे हाड मोडले की कुटुंबाला शस्त्रक्रियेपेक्षा भुलेचीच धास्ती अधिक वाटते. उतारवयात, हृदयविकार वा जुनाट दमा असता, ही धास्ती निराधारही नसते. अशा वेळी रुग्णाला पूर्ण बेशुद्ध न करता केवळ दुखावलेला अवयव बधिर करण्याचा मार्ग पुष्कळदा उपलब्ध असतो.

हा मार्ग नवा नव्हे. १८८४ साली व्हिएन्नामध्ये कार्ल कोलर यांनी कोकेनच्या थेंबांनी डोळा बधिर करून दाखविला. १९११ मध्ये जर्मनीतील कुलेनकांफ यांनी कॉलरबोनच्या वरून सुई घालून संपूर्ण हात बधिर करण्याची पद्धत मांडली. उणीव एवढीच, की सुई अंदाजाने न्यावी लागे. आणि त्या जागी मोठी रक्तवाहिनी व फुप्फुसाचे आवरण अगदी लगत असते. १९९४ मध्ये व्हिएन्नाच्याच काप्राल आणि सहकाऱ्यांनी याच जागी सोनोग्राफीचा आधार घेतला.

सोनोग्राफीत क्ष-किरण नसतात, ध्वनिलहरी असतात. पडद्यावर मज्जातंतू द्राक्षांच्या घडासारखे दिसतात, शेजारी धमनी ठोके देत असते, सुई चकाकत्या रेषेसारखी पुढे सरकते आणि औषध कोठे पसरते तेही दिसते. त्यामुळे थोडे औषध पुरते व रक्तवाहिनीला सुई लागण्याचा संभव घटतो.

धोका मात्र शून्य होत नाही. औषध अधिक प्रमाणात रक्तात गेल्यास झटके येऊ शकतात, हृदयाचे ठोके बिघडू शकतात. खांद्यासाठी मानेत दिलेल्या इंजेक्शनाने त्या बाजूचा श्वासपटल काही तास दुबळा होऊ शकतो; फुप्फुसे आधीच क्षीण असलेल्या रुग्णास तेही जड जाते.

म्हणून भूलतज्ज्ञांपासून काहीही लपवू नये. दमा, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, औषधाची ॲलर्जी, हातापायांतील पूर्वीचा बधिरपणा हे सारे आधीच सांगावे. ऐनवेळी पूर्ण भूल द्यावी लागू शकते. यास्तव उपाशी राहण्याची सूचना काटेकोरपणे पाळावी. नंतर बधिर हात झोळीत सांभाळावा, त्यास गरम पाण्याची पिशवी लावू नये. भाजले तरी कळत नाही. वेदनाशामक गोळी बधिरता ओसरण्यापूर्वीच, डॉक्टरांच्या सल्ल्याने सुरू करावी. यंत्र सुईला वाट दाखविते. रुग्णाची खरी माहिती मात्र कुटुंबालाच द्यावी लागते.