वासराची भाकणूक

सोलापूरचे ग्रामदैवत श्री सिद्धेश्वर यांची गड्डा यात्रा मकर संक्रांतीच्या सुमारास भरते. बाराव्या शतकातील या शिवयोग्याने लोकांच्या श्रमातून तलाव निर्माण केला. कोरडवाहू मुलखात पाण्याचे मोल त्यांनी ओळखले होते.

यात्रेतील एक विधी आजही थेट पीकपाण्याशी जोडलेला आहे. होमविधीच्या रात्री, दिवसभर उपाशी असलेल्या वासरासमोर धान्य, गूळ, खोबरे, गाजर, बोरे मांडतात. वासराने मूत्रविसर्जन केल्यास पाऊस चांगला. ज्या जिनसेला ते तोंड लावील ती महागणार, असे मानतात. हीच भाकणूक.

त्या वेळी शिवारात मालदांडी ज्वारी हुरड्यावर आलेली असते. शेतकरी पावसाचे ऐकतो, व्यापारी भावाचे. परंतु तेवढ्यावर विसंबून कर्जाऊ रकमेने कोठार भरणारा, भाव उतरताच व्याजात अडकतो. भाकणूक श्रद्धेने ऐकावी. खरेदी मात्र आपली वही पाहूनच करावी. वासरू एका रात्रीत उत्तर देते, शेतकऱ्याला तेच उत्तर मिळण्यास संपूर्ण हंगाम जातो. रास घरी येईपर्यंत त्याच्यामागे उधारीचा तगादा लावू नये. यात्रेला आलेला तो शेतकरीच वर्षभर पेठेचे गिऱ्हाईक असतो.