दूरदर्शनच्या आकाशावर छांदिष्टांचा पहारा

दरवर्षी ३१ मार्च संपून १ एप्रिल उजाडतो, तेव्हा आर्थिक वर्षाबरोबर देशातील विनाशुल्क दूरचित्रवाणीचा नकाशाही बदलतो. 'डीडी फ्री डिश' या दूरदर्शनच्या उपग्रह सेवेवरील जागांचा, म्हणजेच 'स्लॉट'चा, वार्षिक लिलाव तोवर पार पडलेला असतो. काही खासगी वाहिन्या निरोप घेतात, काही नव्याने दाखल होतात. सर्वसामान्य प्रेक्षकाला ही उलथापालथ कळते ती नेहमीची मालिका अचानक दिसेनाशी झाल्यावर. गच्चीवर दोन-तीन डिश लावून बसलेल्या छांदिष्टांच्या एका लहानशा वर्गाला मात्र ती त्याच रात्री कळते. कोणती वाहिनी कोणत्या फ्रीक्वेन्सीवरून गेली, तिच्या जागी काय आले, कार्यक्रमांचे वेळापत्रक कसे बदलले, याची नोंद ही मंडळी तारीख-वेळेनिशी ठेवतात. कोणी सांगितले म्हणून नव्हे, की कोणी पैसे देते म्हणूनही नव्हे.

वरवर पाहता हा रिकामपणचा उद्योग वाटेल. परंतु सार्वजनिक दूरचित्रवाणीचे आकाश खुले असावे की कुलूपबंद, हा गेली वीस वर्षे अधूनमधून डोके वर काढणारा प्रश्न या छंदाशी थेट निगडित आहे.

छंदाची साधने तशी साधी. विषुववृत्तावर सुमारे ३६ हजार किलोमीटर उंचीवर, ९३.५ अंश पूर्व रेखांशावर स्थिर भासणारा 'जीसॅट-१५' हा उपग्रह मुंबई-पुण्याहून आग्नेय दिशेला येतो. त्याच्या 'केयू बँड' लहरींसाठी दोन फुटांची डिश पुरते. छांदिष्टाचे समाधान अर्थातच तेवढ्यावर होत नाही. केबलचालकांकडे जाणारी 'सी बँड'वरील प्रक्षेपणे पकडायची तर सहा-आठ फुटांची जाळीची डिश हवी आणि ती गच्चीवर बसवायची तर सोसायटीच्या सचिवांची परवानगी हवी. उपग्रह सापडण्यापेक्षा हेच काम अनेकदा अवघड ठरते! पुढे रिसीव्हरचा 'ब्लाइंड स्कॅन' लावला की तो सारा पट्टा चाळून काढतो. फ्रीक्वेन्सी, ध्रुवीकरण आणि 'सिम्बॉल रेट' ही तीन परिमाणे जुळली की पडद्यावर चित्र उमटते. फ्री डिशच्या ११०९० मेगाहर्ट्झ, उभे ध्रुवीकरण, २९५०० या आकड्यांशी डिश बसवून देणारा गल्लीतला मेकॅनिकही परिचित असतो. चित्रासोबत वाहिनीचे नाव, तिचा ओळखक्रमांक आणि बहुधा पुढील कार्यक्रमांचे वेळापत्रकही येते. ते टिपून ठेवणे हा खरा छंद; कार्यक्रम पाहणे दुय्यम. मुसळधार पावसात सिग्नल बुडाला, किंवा मार्च आणि सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास सूर्य उपग्रहाच्या नेमका मागे येऊन काही मिनिटे चित्र गेले, तर तेही वहीत चढते. लघुलहरींवर दूरदेशीची रेडिओ केंद्रे शोधणाऱ्या 'डीएक्सर' मंडळींचेच हे वंशज.

या छंदाच्या उगमाशी भारताचीच सार्वजनिक दूरचित्रवाणी आहे, ही गोष्ट फारशी कोणाच्या स्मरणात नाही. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षभरात 'साइट' हा उपग्रह शैक्षणिक दूरचित्रवाणीचा प्रयोग झाला. 'नासा'च्या 'एटीएस-६' उपग्रहावरून सहा राज्यांतील सुमारे २४०० खेड्यांना शेती, आरोग्य, शिक्षण यांविषयीचे कार्यक्रम थेट दाखवण्यात आले. महाराष्ट्र या सहा राज्यांत नव्हता. पण ८६० मेगाहर्ट्झवरचे ते प्रक्षेपण इंग्लंडमधील शेफील्ड येथे स्टीव्ह बर्किल या अभियंत्याने घरी तयार केलेल्या यंत्रणेवर पकडले. कोलंबोत आर्थर सी. क्लार्क यांच्या घरी तर 'इस्रो'च्या अभियंत्यांनीच डिश उभारून दिली होती. ओरिसा-बिहारच्या खेड्यांसाठीची चित्रे यॉर्कशायरमधील एका घरात दिसू शकली, कारण त्या लहरींना कुलूप नव्हते.

तेच सूत्र १६ डिसेंबर २००४ रोजी ३३ वाहिन्यांनिशी सुरू झालेल्या 'डीडी डायरेक्ट प्लस'ने पुढे चालवले. हीच सेवा २०१४ पासून 'डीडी फ्री डिश' या नावाने ओळखली जाते. डिश आणि संच एकदा विकत घ्यायचा. मासिक शुल्क नाही, नावनोंदणी नाही, कार्डही नाही. साहजिकच ती नेमक्या किती घरांत पोहोचते हेही कोणाला ठामपणे सांगता येत नाही. उद्योग-अहवालांतून साडेचार कोटी घरांच्या आसपासचा आकडा मांडला जातो, तोही अंदाजच. मोजता न येणारा प्रेक्षक हा व्यवस्थेला नेहमीच अडचणीचा वाटतो. गेल्या दशकात प्रसार भारतीने 'आयकॅस' ही देशी संकेतप्रणाली आणण्याचे जाहीर केले, त्यामागे अधिकृत संच आणि खात्रीची मोजदाद हे हेतू होते. वाहिन्या विनाशुल्कच राहणार होत्या. तथापि विनाशुल्क आणि खुले यांत फरक आहे. विनाशुल्क दारालाही कुलूप असू शकते आणि किल्ली कोणाला द्यायची हे मग दारवाला ठरवतो.

कुलपाचा आग्रह सर्वांत मोठ्या आवाजात धरला गेला तो क्रिकेटच्या निमित्ताने, आणि त्या वादाची सुरुवात नागपुरातून झाली. २१ जानेवारी २००७ रोजी तेथे भारत-वेस्ट इंडीज एकदिवसीय सामना झाला. हक्क 'निम्बस'कडे होते. दूरदर्शनला सामना थेट दाखवता आला नाही. दूरदर्शनचे उपग्रह प्रक्षेपण कूटबद्ध नसल्याने ते सीमेपलीकडेही दिसते आणि आपल्या हक्कांची किंमत घसरते, असा निम्बसचा आक्षेप होता. दोन दिवसांनी दिल्ली उच्च न्यायालयाने सात मिनिटांच्या विलंबाने सामने दाखवण्याची मुभा दिली. चेंडू टाकल्यानंतर सात मिनिटांनी तो पाहणे ही क्रिकेटवेड्या देशाची थट्टाच होती. २ फेब्रुवारीला केंद्राने वटहुकूम काढला, पुढे कायदा झाला. राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचे प्रक्षेपण प्रसार भारतीला देणे बंधनकारक ठरले. जाहिरातींच्या उत्पन्नातील ७५ टक्के वाटा हक्कधारकाचा, २५ टक्के प्रसार भारतीचा.

प्रश्न तरीही मिटला नाही. ऑगस्ट २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्वाळा दिला, की असे सामने दूरदर्शनने केवळ आपल्या भूस्थित प्रक्षेपणावर आणि स्वतःच्या डीटीएच सेवेवर दाखवावेत. केबल आणि खासगी डीटीएचकडे ते जाता कामा नयेत. दूरदर्शनच्या ठरावीक वाहिन्या दाखवणे केबलचालकांना कायद्यानेच सक्तीचे, आणि सामना मात्र त्यांच्याकडे जाता कामा नये! व्यवहारात याचा अर्थ असा, की सामन्याच्या वेळी केबलकडे जाणारे प्रक्षेपण वेगळे ठेवणे भाग. वाहिनीचे नाव एक, घडी एक, कार्यक्रम मात्र दोन. वर्तमानपत्रात छापलेल्या वेळापत्रकाला यांपैकी कोणते रूप खरे मानायचे? दोन्ही डिश शेजारी ठेवून पाहणाऱ्या छांदिष्टाखेरीज हा फरक एकाच जागी बसून पाहणारा बाहेरचा माणूस विरळाच.

इथेच या नोंदींचे मोल कळते. मार्च २०१९ मध्ये बड्या समूहांच्या हिंदी मनोरंजन वाहिन्या फ्री डिशवरून गेल्या, जून २०२० मध्ये परतल्या, एप्रिल २०२२ मध्ये पुन्हा गेल्या. वाहिन्यांच्या प्रकारानुसार लिलावाची वेगवेगळी पायाभूत किंमत, जाहिरातदारांचा ग्रामीण प्रेक्षकांत वाढलेला रस आणि शुल्क देणारा ग्राहक फुकट सेवेकडे वळेल ही भीती, अशा ओढाताणीतून हे घडले. मराठी चित्रपट दाखवणाऱ्या 'फक्त मराठी', 'शेमारू मराठीबाणा' यांसारख्या वाहिन्यांनाही ग्रामीण महाराष्ट्रातील घरे मिळाली ती याच मंचामुळे. मार्च २०२० च्या अखेरीस टाळेबंदीत 'रामायण' पुन्हा दाखवण्याची घोषणा झाली आणि दुसऱ्याच दिवशी, २८ मार्चला, मालिका सुरूही झाली. आधी ठरलेले वेळापत्रक एका रात्रीत मोडले. अधिकृत यादी ही स्वभावतः आजची असते. काल काय होते, हे सांगणारी वही छांदिष्टाकडेच सापडण्याचा संभव अधिक.

अमेरिकेतही अशी मंडळी आहेत, परंतु तेथील परिस्थिती निराळी. 'पीबीएस'ने १९७८ मध्ये आपले वितरण उपग्रहाकडे वळवले, ते स्थानिक केंद्रांसाठी. कार्यक्रम कधी लावायचा, लावायचा की नाही, हे केंद्र ठरवते. त्यामुळे तेथील छांदिष्ट हा दुसऱ्याला आलेले पत्र वाचणारा ठरतो. जुलै २०२५ मध्ये काँग्रेसने सार्वजनिक प्रसारणाचा सुमारे १.१ अब्ज डॉलरचा निधी रद्द केल्यानंतर कोणते केंद्र काय दाखवते हा प्रश्न छंदापुरता उरलेला नाही. आपल्याकडे दूरदर्शनचे पत्र थेट प्रेक्षकाच्याच नावे येते. ते वाचण्याचा त्याचा अधिकार त्यामुळे अधिक पक्का आहे. आकाशलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी १९९५ मध्येच म्हटले होते, आणि तो खटलाही क्रिकेटच्याच प्रक्षेपणाचा होता.

बातम्यांच्या कच्च्या प्रक्षेपणाचा प्रश्न थोडा वेगळा. घटनास्थळावरील गाडीतून केंद्राकडे जाणारे चित्र प्रेक्षकांसाठी नसते. ते दिसले म्हणून पुढे पसरवणे हा छंद नव्हे, आगाऊपणा आहे.

दरम्यान सार्वजनिक दूरचित्रवाणीचे बाकीचे रस्ते अरुंद होत गेले. सामरिक महत्त्वाची काही ठिकाणे वगळता जुनी ॲनालॉग भूस्थित प्रक्षेपण केंद्रे मार्च २०२२ पर्यंत बंद करण्यात आली. जानेवारी २०२३ मध्ये मंजूर झालेल्या २५३९ कोटी रुपयांच्या योजनेत दुर्गम, आदिवासी आणि सीमावर्ती भागांत आठ लाखांहून अधिक फ्री डिश संच मोफत देण्याची तरतूद झाली, म्हणजे भिस्त उपग्रहावरच. दुसरीकडे २० नोव्हेंबर २०२४ रोजी गोव्यातील चित्रपट महोत्सवात प्रसार भारतीने 'वेव्हज' हा ऑनलाइन मंच सुरू केला. जुन्या मालिकांचा साठा तेथे हाताशी येतो, हे चांगलेच. पण इंटरनेटवरील प्रवाह गच्चीवरच्या डिशमध्ये उतरत नाही. तेथून कोणती मालिका केव्हा काढली, कोणती केव्हा घातली, हे आकाश चाळून कळण्याची सोय नाही. स्लॉटवाटपाचा आणि वेळापत्रकांचा वर्षवार इतिहास प्रसार भारतीनेच एका जागी खुला ठेवला, तर छांदिष्टांच्या वह्यांशी तो ताडून पाहता येईल. त्यासाठी नवा उपग्रह सोडावा लागणार नाही.