मळलेल्या वाटेची बाजू

‘मळलेली वाट सोडा!’ असं त्या जाहिरातीवर ठळक अक्षरांत छापलेलं होतं. खाली डोंगराची धार, तिच्यावर पाठमोरा धावणारा एक तरुण, आणि त्याखाली ‘ट्रेल हाफ मॅरेथॉन, २१ किलोमीटर’. मी पैसे भरले, मावळातली ती शर्यत धावले, दिलेल्या वेळेत पूर्ण केली आणि लाकडाचं पदक घेऊन घरी आले. जमलं तर पुढच्या वर्षीही धावणार आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे या लेखाला ‘कोल्ह्याला द्राक्षं आंबट’ एवढंच उत्तर मिळणार नाही. धावण्याशी माझं काही भांडण नाही. भांडण आहे ते जाहिरातीतल्या त्या तीन शब्दांशी, आणि त्या शब्दांच्या आड जे चाललं आहे त्याच्याशी.

पहिली गोष्ट म्हणजे ते शब्द धडधडीत खोटे आहेत. त्या २१ किलोमीटरांत न मळलेली वाट फार तर अर्धा किलोमीटर असेल, आणि तिथे सगळ्यांचे पाय मुरगळले. बाकी सगळी वाट मळलेलीच होती, म्हणून तर धावता आली. मावळात चार महिने पाऊस कोसळतो. गवत कमरेपर्यंत येतं, घाणेरी आणि रानमोडी दोन्ही बाजूंनी आत सरकतात. दोन पावसाळे कुणी चाललं नाही, तर वाट होती की नव्हती ते सांगायला म्हातारं माणूस शोधावं लागतं. वाट दर वर्षी नव्याने मळावी लागते. गुरं तिला मळतात, शाळेला जाणारी पोरं मळतात, धनगरवाड्यावरून दूध घेऊन उतरणारी माणसं मळतात, सरपण आणि गवताचे भारे आणणाऱ्या बाया मळतात. चढावर ती वळणं घेत जाते, कारण डोक्यावर ओझं असलेलं माणूस सरळ चढू शकत नाही. ओढा ती तिथेच ओलांडते, जिथला दगड पायाखाली हलत नाही. उतारावर भरधाव सुटलेल्या माझ्या पायाला दर पावलाला जागा मिळत होती, ती कुणीतरी आधीच पारखून ठेवलेली होती. आयोजकांनी त्यात भर घातली ती झाडांना बांधलेल्या रंगीत फितींची आणि फक्कीने काढलेल्या बाणांची.

‘मळणे’ हा शब्दच पाहा. कणीक मळतात. खळ्यावर बैल फिरवून धान्य मळतात, त्याला मळणी म्हणतात. पायाखाली तुडवून दाणा मोकळा करण्याची ती क्रिया आहे. मळलेली वाट त्या कुळातली. मराठी समीक्षेने मात्र हा शब्द मळलेल्या कपड्यांच्या अर्थाने उचलला. कुठल्याही पुस्तकाची भलामण करायची तर ‘मळलेल्या वाटेने न जाता’ हे पालुपद ठरलेलं. जाहिरात लिहिणाऱ्याने ते आपल्याकडूनच घेतलं आहे. हिंदीतली पगडंडी काय आणि मराठीतली पायवाट काय, दोन्हींत पाय आधी येतो. जाहिरातीच्या भाषेत मात्र आधी येतं ते ‘एक्सप्लोर’. रोज पाचशे पायांखालून जाणारी वाट शहरातल्या माणसाला पहिल्यांदा दिसली, की तिचा शोध लागला असं ठरतं.

आता शर्यतीत काय घडलं ते सांगते. नवव्या किलोमीटरच्या आसपास एक अरुंद चढ आहे. समोर एक मावशी गवताचा भारा घेऊन चढत होती. तिच्यामागे आमची रांग तुंबली. वळणावर उभा असलेला स्वयंसेवक ओरडला, ‘ओ मावशी, बाजूला व्हा, रेस चाललीये!’ मावशी बाजूला झाली. बाजूला म्हणजे काय, तर वाटेखालच्या घसाऱ्यावर, भाऱ्यासकट, एका हाताने करवीचा झुडपा धरून. मी तिच्याजवळून जाताना तिने विचारलं, ‘बाई, एवढ्या घाईनं कुठं निघालीस? घरी समदं बरं हाय ना?’ तिच्या हिशोबी या वाटेवर माणूस धावतं ते कुणाला साप चावला तर, नाहीतर कुणाचं पोट दुखायला लागलं तर. मी ‘बरं आहे’ म्हणाले आणि पुढे गेले. रांग माझ्यामागून येत राहिली. ती मावशी तिथे किती वेळ उभी राहिली असेल, याचा हिशोब कुठल्याही चिपमध्ये नोंदलेला नाही.

घाटात चढणाऱ्या गाडीला उतरणाऱ्याने वाट द्यायची, हा साधा रस्त्याचा नियम. डोंगरात ओझं असलेल्याला रिकाम्याने वाट द्यायची, हा त्याहून जुना. पाठीवर पाण्याची एक पिशवी घेतलेल्या आम्ही चारशे माणसांनी त्या सकाळी तो मोडला, आणि मोडायला सांगणारा मुलगा त्याच गावचा होता. तो पोलीस भरतीची तयारी करतो, १६०० मीटर रोज पळतो. माझी पडलेली बाटली द्यायला तो मागून आला आणि परत आपल्या वळणावर गेला, तो मला दोनदा हरवूनच. शर्यतीत तो नव्हता, कारण शुल्क परवडणारं नव्हतं. त्याला टी-शर्ट मिळाला होता. सावरपाड्याच्या कविता राऊतने २०१०च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत १० हजार मीटरमध्ये कांस्यपदक मिळवलं, माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर २०१६मध्ये रिओला स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावली. अशा वेळी आपण खेड्यातल्या पायांचं कौतुक करतो. घरच्या डोंगरातल्या शर्यतीत मात्र तेच पाय बाण दाखवायला उभे करतो.

पण हेही एकवेळ चालवून घेतलं असतं. खरी गोष्ट चौदाव्या किलोमीटरला आहे.

तिथे वाट एका कुंपणात शिरते. काटेरी तारा, सिमेंटचे खांब, आत फार्महाऊसचे प्लॉट पाडलेले. लोखंडी फाटक सताड उघडं होतं आणि त्यावर फलक होता: जागामालकांच्या सौजन्याने. आम्ही टाळ्या वाजवत आत शिरलो आणि दुसऱ्या फाटकातून बाहेर पडलो. पुढच्या पाणपोईवर (आयोजकांच्या भाषेत ‘हायड्रेशन पॉइंट’) खजूर आणि मीठ लावलेले बटाटे वाटणाऱ्या बायांना मी सहज विचारलं, की ही वाट चांगली आहे, रोज इकडूनच येता का? त्या हसल्या. फाटक आज उघडलंय, म्हणाल्या. तीन वर्षं झाली, कुंपण घातल्यापासून त्या वळसा घालून जातात. जाऊन-येऊन पाऊण तास जास्त. त्याआधी त्यांच्या सासवा, त्यांच्या आजेसासवा त्याच वाटेने जात होत्या.

म्हणजे जाहिरातीत ज्यांना ‘मळलेली वाट सोडा’ सांगितलं, त्यांच्यासाठी वाट उघडी. आणि ज्यांनी ती मळली, त्यांना ती खरोखरच सोडावी लागली.

‘ट्रेल’ या शब्दात न मावणारा एक शब्द मराठीत आहे: वहिवाट. वापरत आलो म्हणून आमची, असा त्याचा भाव. आणि तो निव्वळ भाव नाही, कायदाही आहे. १८८२च्या भारतीय सुविधाधिकार कायद्याप्रमाणे एखादी वाट २० वर्षं उघडपणे, शांततेने, हक्काने आणि अखंड वापरली, तर जाण्यायेण्याचा हक्क तयार होतो. १९०६च्या मामलेदार न्यायालय कायद्याच्या कलम ५प्रमाणे वाट अडवली गेली तर अडथळा दूर करण्यासाठी तहसीलदाराकडे जाता येतं. मात्र अडवल्यापासून ६ महिन्यांच्या आत. गावनकाशावर पायमार्ग एका तुटक रेषेने दाखवलेला असतो. ज्या वाटा त्या नकाशावर आल्या, त्यांना निदान कागदाचा आधार आहे. ज्या आल्या नाहीत, त्यांचा पुरावा म्हणजे चालणाऱ्यांचे पाय आणि म्हाताऱ्यांची आठवण. ६ महिन्यांत तहसील कचेरीची पायरी चढायची, तर रोजगार बुडवून, कागद जमवून, आणि ज्याच्याकडे मुलगा वॉचमन म्हणून नोकरीला लागलाय त्याच्याविरुद्ध.

या कायद्यातला ‘हक्काने’ हा शब्द नीट वाचा. परवानगीने केलेला वापर हक्काचा वापर धरला जात नाही. शेजाऱ्याला विचारून, त्याच्या मेहेरबानीवर जी वाट वापरली, तिची वहिवाट होत नाही. म्हणजे आयोजकांनी प्लॉटवाल्याकडे अदबीने परवानगी मागितली, त्याचे जाहीर आभार मानले, फाटकावर ‘सौजन्य’ लिहिलं, तेव्हा त्यांनी नुसती शिष्टाई केली नाही. त्या वाटेवर गावाचा हक्क नाही, मालकाची कृपा आहे, असं चारशे माणसांच्या साक्षीने जाहीर केलं. उद्या त्या बाया तहसीलदारासमोर उभ्या राहिल्या, तर समोरचा वकील हाच फलक दाखवील: बघा, मोठमोठे लोकसुद्धा विचारून जातात.

यावर उत्तरं काय येतात तेही मला ठाऊक आहे. पहिलं उत्तर: शर्यतीमुळे गावाला रोजगार मिळतो. मिळतो. त्या दिवशी बचत गटाने पोहे केले, पिठलं-भाकरी केली, चार घरांत माणसं मुक्कामाला राहिली. उत्तम झालं. पण पोह्यांचे पैसे पोह्यांचे असतात. पोहे विकत घेतले म्हणून वाटेचं भाडं फिटत नाही. दुसरं उत्तर: आम्ही कचरा उचलून नेतो, डोंगर स्वच्छ ठेवतो. ठेवायलाच हवा, पाहुण्याने आपलं ताट उचललं, तर त्यासाठी त्याचा सत्कार होत नसतो. तिसरं उत्तर सगळ्यांत लाडकं आहे: खेळात राजकारण आणू नका. फाटक कुणासाठी उघडायचं आणि कुणासाठी नाही, हे ठरलं तेव्हाच राजकारण आलं. मी फक्त त्याचं नाव घेतलं.

एकत्र चालणं या मुलखाला नवीन नाही. आषाढी वारीत दिंडीला क्रमांक असतो, वारकऱ्याच्या छातीवर नसतो. आणि पालखी ज्या गावातून जाते, तिथला माणूस बाजूला ढकलला जात नाही, तो चार पावलं सोबत चालतो. वाटेचे पैसे घेणंही नवीन नाही. जुन्नरजवळ नाणेघाटाच्या माथ्यावर एक मोठा दगडी रांजण आहे. सातवाहनांच्या काळी घाट चढून येणाऱ्यांची जकात त्यात पडायची, असं परंपरेने सांगतात. तिथेच नागनिकेचा लेख असलेली लेणी आहे, कातळात खोदलेली पाण्याची टाकी आहेत. वाटेवर पैसा घेणाऱ्यांनी वाटेवर पाणी ठेवलं. आजच्या ट्रेल शर्यतींना जकात हवी आहे, रांजण नको. तो भरलेला दिसला, तर त्यात कुणाचा वाटा आहे असं कुणीतरी विचारील.

मी विचारते आहे. माझं मागणं अवघड नाही. शर्यतीचा मार्ग मराठीत, वाटांच्या खऱ्या नावांसकट ग्रामपंचायतीला लेखी द्या. आमच्या चारशे मनगटांवरच्या घड्याळांनी त्या सकाळी वाटेचं वळणन्‌वळण नोंदलं. ते आम्ही वेग मिरवायला वापरतो, त्याची एक प्रत ग्रामसभेच्या दप्तरात जाऊ द्या. एका सकाळच्या धावण्याने हक्क सिद्ध होत नाही, पण वाट कुठून कुठे जाते हे तरी कुणाला नाकारता येणार नाही. पावसाळा संपल्यावर घाणेरी आणि रानमोडी कापणाऱ्यांना शुल्कातून मजुरी द्या. गावातल्या पोरांना धावायला घ्या, त्यांचं शुल्क आम्ही बाकीचे भरू. भारा घेऊन येणारं माणूस दिसलं, की धावणाऱ्याने थांबायचं, हा नियम पत्रकात पहिला लिहा. त्यात गेलेल्या मिनिटांनी कुणाचं पदक जात असेल तर जाऊ द्या. आणि कुंपणवाल्याला पत्र लिहायचं असेल, तर ते आभाराचं नको. ‘या वाटेवर गावाची पूर्वापार वहिवाट आहे, आम्ही गावासोबत तिच्यावरून जात आहोत’ एवढं एक वाक्य पुरे. त्याने फाटक उघडलं नाही, तर शर्यत दुसरीकडून नेऊ नका. शर्यत रद्द करा, आणि का केली ते जाहीर सांगा. चारशे शहरी माणसांची एक सकाळ बुडाली, तर तहसील कचेरीला त्या फाटकाचा पत्ता निश्चित सापडेल.

मुंबई-पुण्यातच नाही, तर बंगळुरूत, कोडगूत, निलगिरीत, गढवालात अशा शर्यती भरतात. तिथल्या वाटांना तिथल्या भाषांत नावं असतील, त्या मळणारेही असतील आणि कुंपणंही असतील. तुम्ही त्यांत धावत असाल तर आनंदाने धावा. फक्त पैसे भरण्याआधी आयोजकांना एकच प्रश्न विचारा आणि उत्तर लेखी मागा: शर्यतीच्या दुसऱ्या दिवशी ही वाट उघडी असते का?