उन्हाच्या जिल्ह्यातील उन्हाची टंचाई

विदर्भाचा उन्हाळा ज्याला अनुभवायचा असेल, त्याने मे महिन्यात यवतमाळला यावे. पारा ४५ अंशांच्या आसपास रेंगाळत असतो. भर दुपारी दत्त चौकात जो कोणी दिसतो, त्याच्या डोक्याला आणि कानांना पांढरा दुपट्टा गुंडाळलेला असतो. अशा जिल्ह्यात ऊन न मिळाल्याने कुणी आजारी पडेल, असे म्हटले तर ऐकणारा हसेल. पण ‘ड’ जीवनसत्त्वाच्या बाबतीत नेमका हाच भ्रम आपल्याला महागात पडत आहे.

हे जीवनसत्त्व आपल्या रोजच्या भाजी-भाकरीतून जवळजवळ मिळतच नाही. उन्हातील अतिनील किरण उघड्या त्वचेवर पडले की ते शरीरात तयार होते. पुढे यकृत आणि मूत्रपिंड त्याला कार्यक्षम रूप देतात. म्हणजेच आकाशात सूर्य असणे निराळे आणि तो अंगावर पडणे निराळे! १९२२ साली हचिसन आणि शाह या डॉक्टरांनी नाशिक भागातील मुडदूस रोगाचा अभ्यास प्रसिद्ध केला. पडद्यात राहणाऱ्या, खाऊनपिऊन सुखी घरांतील स्त्रिया व मुले या रोगाने ग्रासलेली होती. निकृष्ट अन्नावर गुजराण करून उघड्यावर राबणारी गरीब कुटुंबे मात्र त्यापासून मुक्त होती. शंभर वर्षांनंतर पडद्याचे रूप तेवढे बदलले आहे. शिकवणीवर्ग, कार्यालय, दुकान, दूरचित्रवाणीसमोरची खोली आणि या सर्वांच्या मधल्या प्रवासात चेहऱ्यापासून हातांपर्यंत झाकलेले शरीर, हा आजचा पडदा होय.

या कमतरतेने हाडे ठिसूळ होतात, हे बहुतेकांना ठाऊक असते. रक्तवाहिन्यांशी असलेला तिचा संबंध मात्र फारसा चर्चिला जात नाही. रक्तवाहिन्यांच्या आतील अस्तराच्या पेशींना ‘ड’ जीवनसत्त्वाचा संदेश ग्रहण करता येतो. रक्तदाब वाढविणाऱ्या ‘रेनिन’ या द्रव्यावर हे जीवनसत्त्व अंकुश ठेवते, असे प्राण्यांवरील प्रयोगांत दिसले आहे. अमेरिकेतील फ्रेमिंगहॅम येथील १,७३९ व्यक्तींच्या पाहणीत, ज्यांच्या रक्तात हे जीवनसत्त्व फार कमी होते, त्यांच्यात हृदयविकार व पक्षाघाताचे प्रमाण अधिक आढळले. ही पाहणी २००८ साली प्रसिद्ध झाली.

मग गोळ्या घेतल्या की हृदय सुरक्षित, असे समजावे काय? येथेच सावध राहिले पाहिजे. अमेरिकेतच २५,८७१ जणांवर झालेल्या ‘व्हायटल’ चाचणीचे निष्कर्ष २०१८ साली आले. काहींना रोज २,००० युनिट ‘ड’ जीवनसत्त्व आणि काहींना औषध नसलेली गोळी पाच वर्षांहून अधिक काळ देण्यात आली. हृदयविकाराच्या वा पक्षाघाताच्या प्रमाणात फरक पडला नाही. त्यातील बहुतेकांना मुळात कमतरता नव्हती, हे खरे. तरीही बोध स्पष्ट आहे. जो घरात बसतो, चालत नाही, स्थूल आहे, त्याचे ‘ड’ जीवनसत्त्वही कमी असते आणि रक्तवाहिन्याही कडक होतात. दोन्हींचे मूळ पुष्कळदा एकाच जीवनशैलीत असते. ते मूळ तसेच ठेवून साठ हजार युनिटची पुडी दुधातून घेण्याने काय साधणार? कमतरता सिद्ध झाली, तर ती पुडी डॉक्टरांच्या सल्ल्याने जरूर घ्यावी. शेजाऱ्याचे पाहून महिनोन्‌महिने घेतल्यास रक्तातील कॅल्शियम वाढून मूत्रपिंडाला इजा होऊ शकते.

आरोग्य सूर्याकडे मागावे, अशी आपली परंपरागत धारणा आहे. औंधच्या भवानराव पंतप्रतिनिधींनी सूर्यनमस्काराच्या प्रसारासाठी आयुष्य वेचले. रक्तवाहिन्यांसाठी तो व्यायाम हितकरच. परंतु सूर्योदयाच्या कोवळ्या उन्हात ‘ड’ जीवनसत्त्व जवळजवळ तयार होत नाही, हेही परंपरेच्या अभिमान्यांनी जाणून घेतले पाहिजे. आपली सावली आपल्या उंचीएवढी किंवा तिच्याहून आखूड झाली, की ऊन कामाचे झाले, ही साधी खूण. यवतमाळात मे महिन्यात ती वेळ सकाळी नऊच्या सुमारास येते, डिसेंबरात मात्र भर दुपारी. हिवाळ्यात कापूस वेचणाऱ्या बाईला हे ऊन आपसूक मिळते; तिच्या शहरात शिकणाऱ्या लेकीला ते ठरवून घ्यावे लागेल. उन्हाळ्यातील दुपार मात्र टाळावी, तेथे उष्माघाताशी गाठ आहे.

सूर्याला साकडे घालताना आणखी एक गोष्ट विसरून चालणार नाही. आपल्या गावागावांत पानटपरीवर खर्रा घोटला जातो. त्यातील तंबाखू रक्तवाहिन्यांचे जे नुकसान करते, ते कोणतेही जीवनसत्त्व भरून काढू शकत नाही. म्हणून महागड्या तपासण्यांच्या मागे धावण्यापूर्वी तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाने प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन रक्तदाब मोजून घ्यावा आणि खर्ऱ्याची पुडी कायमची फेकून द्यावी. शाळांनी हिवाळ्यातील मधली सुट्टी मैदानात घालवण्याचा आग्रह धरावा. शासनाला यासाठी नवी योजना आखावी लागणार नाही, की निधीची वाट पाहावी लागणार नाही. ऊन दारात उभे आहे. दार तेवढे आपल्याला उघडायचे आहे.